पद्मिनी ते आजची गाडी: इंजिनातला नेमकेपणा वाढला म्हणजे नक्की काय झालं?

घाटकोपर_पूर्व
ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली. तिच्या आठवणींचे धागे भरपूर निघाले, हा धागा फक्त इंजिनाबद्दल आहे.

कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनलेल्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७५, चार सिलिंडर. मारुती ८०० चं ७९६ सीसी, बोअर ६८.५, स्ट्रोक ७२, तीन सिलिंडर. पिस्टनचा घेर दोन्हीकडे जवळपास सारखाच. तरी पद्मिनीच्या पिढीला काटेकोर रनिंग-इन (नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून रुळवणं), मग डिकार्ब (आतला कार्बन खरवडणं), मग रिंगा आणि शेवटी रीबोअर (झिजलेला बोअर मोठा करणं) हे चुकत नसे. आताच्या गाडीचा पत्रा सडतो, पण कित्येकदा हेड (सिलिंडरांवरचं झाकण) एकदाही उघडलेलं नसतं. पुस्तिकेत एवढंच असतं की पहिले हजार किलोमीटर फार रेटू नका.

मधल्या काळात नक्की काय बदललं? ‘टेक्नॉलॉजी सुधारली’ हे उत्तर नको. आकडे, पद्धती आणि चुका कुठे होतात ते लिहा.

बोअरगेज
चांगला धागा. आधी एककं जुळवून घेऊ, कारण निम्मे वाद तिथेच होतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २५.४ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

जुन्या वर्कशॉपचा ढोबळ नियम होता: बोअरच्या दर इंचाला एक थाऊ पिस्टन क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि भिंतीतली फट. ६८ मिमी म्हणजे २.६८ इंच, म्हणजे पावणेतीन थाऊच्या आसपास, ६८ मायक्रॉन. आजच्या पेट्रोल इंजिनात हीच फट बहुतेक २० ते ४० मायक्रॉन असते.

पण क्लिअरन्सचा आकडा पाहून ‘नेमकेपणा दुप्पट झाला’ म्हणणं चूक आहे. एका शब्दात चार गोष्टी दडल्या आहेत. माप, म्हणजे व्यास किती. आकार, म्हणजे भोक खरंच गोल आणि वरपासून खालपर्यंत सरळ आहे का. जागा, म्हणजे बोअरचा अक्ष क्रँकच्या (पिस्टनची धाव फिरतीत बदलणाऱ्या दांड्याच्या) अक्षाशी काटकोनात आहे का. आणि पोत, म्हणजे पृष्ठभाग किती खडबडीत आणि कोणत्या तऱ्हेने खडबडीत. पद्मिनीच्या काळात मापावर लक्ष असे. गेल्या चाळीस वर्षांत खरी मजल मारली ती बाकीच्या तिघांत.

बोअर एका जागी मोजून वहीत ‘६८.०१५’ लिहिलं तर काहीच कळत नाही. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना, अशी किमान सहा मापं हवीत. एकाच उंचीवर दोन दिशांतला फरक म्हणजे ओव्हॅलिटी, एकाच दिशेत वरखालचा फरक म्हणजे टेपर. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथून परत फिरते त्या पट्ट्यात, पिस्टनच्या थ्रस्ट बाजूला (जिकडे तो भिंतीवर रेटला जातो) मिळेल.

जुनं_लोखंड
बोअरचीच गोष्ट असेल तर ती मोटारीच्या कितीतरी आधी सुरू होते. वॉटच्या वाफेच्या इंजिनाला गोल सिलिंडर मिळत नव्हता, वाफ पिस्टनच्या कडेने निसटायची. जॉन विल्किन्सनने १७७५ च्या सुमारास बोअरिंग बारला दोन्ही टोकांना आधार दिला, त्यामुळे हत्यार वाकणं थांबलं. ५० इंची सिलिंडरात जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीएवढीही चूक नाही, ही तेव्हाची शाबासकी होती. म्हणजे चूक मिलिमीटरच्या आसपास, आणि तेवढ्यावर वाफेचं इंजिन चाललं.

मोटारीच्या बाबतीत मी १९०८ हे साल धरतो. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली तीन कॅडिलॅक गाड्या पूर्ण सुट्या केल्या. सुटे भाग एकत्र मिसळले, त्यातले ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले घातले, आणि पाना-स्क्रूड्रायव्हरनेच तिन्ही गाड्या पुन्हा जोडल्या. कानस नाही, घासकाम नाही. मग त्या ५०० मैल चालवल्या. ड्यूअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली. तोपर्यंत प्रत्येक गाडीचा भाग त्याच गाडीला बसे, कारण फिटर तो घासून बसवत असे.

याच्या मागे कॅडिलॅकच्या हेन्री लेलँडची गेजची शिस्त होती. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्वीडनच्या कार्ल योहान्सनचे स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचे पोलादी ठोकळे. १८९६ मध्ये रायफल कारखान्यात नोकरीला असताना त्याला ती कल्पना सुचली. १०२ ठोकळ्यांच्या संचातून १ ते २०१ मिमी पर्यंत ०.०१ च्या पायरीने सुमारे वीस हजार मापं तयार करता येत. योहान्सन १९२३ मध्ये फोर्डकडे गेला. दोन शहरांतल्या दोन कारखान्यांचा मिलिमीटर एकच असणं ही सोपी गोष्ट वाटते, पण ती या ठोकळ्यांनी आणली.

स्नेहा_मुलुंड
भाग इतके अदलाबदलीचे झाले तर मग पिस्टनच्या डोक्यावर ए, बी, सी असे शिक्के कशाला? ब्लॉकवरही तशीच अक्षरं ठोकलेली असतात.

बोअरगेज
स्नेहाताई, तो सगळ्यात हुशार मधला टप्पा आहे. मशीन जेवढं नेमकं नाही तेवढं नेमकं इंजिन कसं बनवायचं, याचं उत्तर.

गणित बघा. समजा बोअर ६८.००० ते ६८.०३० आणि पिस्टन ६७.९४५ ते ६७.९७५ एवढ्या पट्ट्यात बनतात. ३० मायक्रॉन ही या व्यासाला आयटी ७ ग्रेड (मापातल्या सुटीची प्रमाण श्रेणी), म्हणजे साध्या चांगल्या मशीनला जमणारी. काहीही उचलून जोडलं तर फट कमीत कमी २५ आणि जास्तीत जास्त ८५ मायक्रॉन. एका सिलिंडरात पिस्टन घट्ट, शेजारच्यात खडखडतोय.

आता दोन्हीचे दहा-दहा मायक्रॉनचे तीन गट करा. ए बोअर ६८.००० ते ६८.०१०, ए पिस्टन ६७.९४५ ते ६७.९५५. फट ४५ ते ६५. बी आणि सी चंही तेच उत्तर येईल. फरक ६० वरून २० वर आला आणि मशीन बदललं नाही, फक्त मोजून वाटणी केली.

रीबोअरनंतर ब्लॉकवरच्या जुन्या अक्षराला अर्थ उरत नाही. तरी ते अक्षर बघून पिस्टन मागवणारे आहेत. ओव्हरसाइज (मोठ्या मापाचे) पिस्टन आधी हातात घ्या, प्रत्येक पिस्टन मोजा, त्यावर सिलिंडरचा नंबर टाका आणि त्या मापाला तो बोअर काढा. पिस्टन मोजायचा स्कर्टवर (खालच्या भागावर), गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात, पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर. डोक्याजवळ मोजला तर तो लहान येणारच, कारण डोकं जास्त तापतं म्हणून पिस्टन मुद्दाम वरती निमुळता आणि आडवा लंबगोल केलेला असतो. स्कर्टवर काळा ग्राफाइटचा थर असेल तर पुस्तिकेतलं माप थरासकट आहे की थराशिवाय ते पाहा. थर दहा-वीस मायक्रॉनचा असू शकतो, म्हणजे अख्ख्या क्लिअरन्सचा अर्धा.

क्यूए_ताई
गटवारीच्या पुढचा टप्पा माझ्या मते खरा बदल आहे: खराब भाग वेगळे काढण्यापेक्षा खराब होऊच न देणं.

जुनी पद्धत गो-नोगो गेजची. गो बाजू गेली, नोगो अडली, भाग पास. त्यातून भाग पट्ट्यात आहे एवढं कळतं, पट्ट्याच्या कडेला आहे की मध्ये ते कळत नाही. हत्यार झिजत झिजत कडेकडे चाललंय हे गेज सांगतं तेव्हा रिजेक्शनची ट्रॉली भरलेली असते. वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये कंट्रोल चार्ट मांडला तो यासाठीच. मोटार उद्योगाने ती शिस्त मनापासून अंगीकारायला मात्र अनेक दशकं घेतली, आणि त्यात जपान पुढे होतं.

आता सीपीके पाहिला जातो, म्हणजे सरासरीपासून पट्ट्याच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर भागिले तीन सिग्मा (सिग्मा म्हणजे मापांचा विखुरलेपणा). बोअरचा पट्टा ७५.००० ते ७५.०२०, सरासरी बरोबर मध्ये ७५.०१०, आणि सिग्मा २ मायक्रॉन असेल तर सीपीके म्हणजे १० भागिले ६, १.६७. सरासरी फक्त ४ मायक्रॉन सरकली तर तोच आकडा १.० वर येतो, एकही भाग खराब झालेला नसताना. तिथेच लाइन थांबवून हत्यार बदलायचं.

मोजणारं साधनही तपासावं लागतं. दहास एक हा जुना नियम आहे: २० मायक्रॉनचा पट्टा असेल तर साधन २ मायक्रॉनपर्यंत भरवशाचं हवं. तेच भाग तीन जणांनी तीन-तीन वेळा मोजून फरक काढतात. एकूण पट्ट्याच्या १० टक्क्यांच्या आत हा फरक असेल तर साधन चांगलं, ३० च्या वर गेला तर त्या साधनाने काढलेला प्रत्येक निर्णय संशयास्पद. ०.०१ मिमीच्या डायलवर २० मायक्रॉनचा पट्टा तपासणं म्हणजे फूटपट्टीवर दोनच रेघा असण्यासारखं आहे.

वडाळाकर
ताई, तापमानाबद्दल लिहा ना. मुंबईत शॉप फ्लोअर २० अंशावर कोण ठेवतं?

क्यूए_ताई
कोणी ठेवत नाही. मोजणी खोली तेवढी २० अंशावर असते, कारण लांबीचं प्रमाण तापमान जगभर २० अंश सेल्सिअस मानलं आहे. पण ३३ अंशाच्या शेडमध्ये काय होतं ते आकड्यात बघू.

बिडाचं प्रसरण मीटरला अंशामागे साधारण १०.५ मायक्रॉन, पोलादाचं ११.५, ॲल्युमिनियमचं २३. १३ अंशांच्या फरकाने ६८ मिमीचा बिडाचा बोअर ९ मायक्रॉन वाढतो, ॲल्युमिनियमचा पिस्टन २० वाढतो. म्हणजे प्रत्यक्ष फटच ११ मायक्रॉन कमी झाली. पोलादी मायक्रोमीटरही सोबत वाढतो म्हणून बोअरचं वाचन जवळपास बरोबर येतं, पिस्टनचं मात्र दहा मायक्रॉन मोठं दिसतं. ६८ मायक्रॉन फटीच्या काळात याकडे दुर्लक्ष चालून गेलं. ३० च्या फटीत तिसरा हिस्सा गेला.

म्हणून तीन सवयी. ब्लॉक, पिस्टन, मायक्रोमीटर, सेटिंग रिंग (गेज जुळवायची ठरलेल्या मापाची कडी) सगळं रात्रभर एकाच टेबलावर ठेवा. ६० अंशाच्या वॉशिंग टाकीतून काढलेला ब्लॉक लगेच मोजू नका, तो ३० अंश गरम असेल तर २१ मायक्रॉन मोठा दिसेल. आणि पिस्टन तळहातात धरून गप्पा मारत मोजू नका.

जुलै-ऑगस्टची एक वेगळी डोकेदुखी आहे. ताजं होन केलेलं (बारीक दगडाने घासून मापाला आणलेलं) बीड आपल्या दमट हवेत काही तासांत तांबूस पडतं. शेवटचं वॉशिंग झालं की लगेच तेलाचा हात. स्लिप गेजना घामाचं बोट लागलं की ठसा गंजून कायमचा राहतो, वापर झाल्यावर पुसून व्हॅसलिन लावूनच पेटीत ठेवा.

तिरपी_रेघ
आता पोत. रनिंग-इनचं उत्तर इथे आहे.

जुन्या पद्धतीत बोअर होन केला की पृष्ठभागावर टोकदार डोंगररांगा उरत. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर रिंग ते शेंडे घासून सपाट करी. ती धातूची भुकटी तेलात जाई, म्हणून पहिलं तेल लवकर बदलायचं. म्हणजे कारखान्यातलं शेवटचं मशीनिंग गिऱ्हाईक स्वतःच्या पेट्रोलवर रस्त्यावर करत होतं. प्लॅटो होनिंगमध्ये ते काम कारखानाच करतो: आधी खोल दऱ्या पाडायच्या, मग बारीक दगडाने फक्त शेंडे छाटायचे. वर सपाट पठार, रिंगला टेकायला. खाली दऱ्या, तेल धरायला.

म्हणून नुसती आरए (सरासरी खडबडीतपणा) सांगून भागत नाही. शेंडेवाला आणि पठारवाला असे दोन पृष्ठभाग एकाच आरए चे असू शकतात आणि एक तेल पिईल, दुसरा नाही. आता आरपीके म्हणजे उरलेले शेंडे, आरके म्हणजे मधला गाभा आणि आरव्हीके म्हणजे दऱ्या असे तीन आकडे मागतात. पेट्रोल गाडीला ढोबळमानाने आरपीके ०.३ मायक्रॉनच्या आत, आरव्हीके १ ते २.

कामाचा क्रम असा. बोअरिंग हत्यार पृष्ठभाग फाडतं, ती फाटकी कातडी एक-दोन थाऊ खोल असते, म्हणून व्यासात ०.०५ ते ०.०८ मिमी होनसाठी ठेवा. १५० ते २२० ग्रिटने बहुतेक माल काढा, शेवटचे १०-१५ मायक्रॉन २८० ते ३२० ने, आणि शेवटी ४०० ते ६०० चे मोजके फटके, हलक्या दाबाने. इथे हावरटपणा केला तर दऱ्याच पुसल्या जातात आणि बोअर आरशासारखा चमकतो. चमकणारा बोअर हे बिघडलेलं काम आहे.

तिरप्या रेघांचा कोन सहसा ४५ अंश धरतात, म्हणजे आडव्यापासून प्रत्येकी साडेबावीस. वरखाली वेग भागिले परिघाचा वेग म्हणजे साडेबावीसचा टॅन, ०.४१. ६८ मिमी बोअर आणि १५० फेरे धरले तर परिघाचा वेग मिनिटाला ३२ मीटर, वरखाली १३ मीटर. स्ट्रोक १३० मिमी असेल तर मिनिटाला साधारण पन्नास वेळा वर-खाली. हँड ड्रिलला होन लावून हाताने आरामात वरखाली केलं की वीस वेळाही होत नाही. रेघा जवळजवळ आडव्या पडतात, रिंग त्यांच्यावरून उड्या मारते, तेल खूप धरलं जातं आणि धूर येतो. फार उभ्या रेघा पडल्या तर तेल खाली ओघळतं.

दगड दोन्ही टोकांना साधारण एक तृतीयांश बाहेर यावा. जास्त आला तर तोंडं घंटेसारखी फाकतात, कमी आला तर टोकं घट्ट आणि पोट मोठं.

कुर्ला_सीएसटी_रोड
तिरपी_रेघ दादा, सगळं पटलं. पण बरोबर गोल काढलेला बोअर हेड आवळल्यावर गोल राहत नाही, त्याचं काय?

तिरपी_रेघ
अगदी मुद्द्याचं. चार बोल्ट आवळले की बोल्टजवळची भिंत ओढली जाते आणि बोअर चार पाकळ्यांचा होतो. पातळ भिंतीच्या ब्लॉकमध्ये ही विकृती दहा-वीस मायक्रॉन सहज होते. त्यावर उपाय टॉर्क प्लेट: हेडच्या जागी मध्ये भोकं असलेली जाड प्लेट, तोच गॅस्केट, तेच बोल्ट, तोच टॉर्क. आवळून मग होन करायचं. प्लेट काढली की बोअर वाकडा दिसेल, आणि तोच बरोबर आहे, कारण हेड बसल्यावर तो गोल होणार आहे. काही कारखाने आणखी पुढे गेलेत, गरम चालू इंजिनात गोल येईल असा आकार थंड ब्लॉकला देतात.

याचा दुसरा टोकाचा फायदा रिंगला झाला. भोक चालताना गोल राहिलं तर रिंगला भिंतीवर जोर लावून चिकटायची गरज नाही. पूर्वी दोन मिमीच्या आसपास असलेली कॉम्प्रेशन रिंग आता १ ते १.२ मिमीवर आली, घर्षण कमी झालं, मायलेज वाढलं. तीच बारीक रिंग जुन्या ओव्हल बोअरमध्ये घातली तर मात्र टिकणार नाही.

शेल_नंबर_तीन
क्रँककडे कोणी वळलं नाही म्हणून लिहितो. तिथला बदल बोअरपेक्षा मोठा आहे.

सुरुवातीला बेअरिंग म्हणजे कॅप आणि रॉडमध्ये ओतलेलं व्हाइट मेटल, एक मऊ मिश्रधातू. फिटर जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) निळा रंग लावून क्रँक फिरवी, जिथे निळं लागेल तिथे स्क्रेपरने खरवडी, पुन्हा बसवी. एका इंजिनाला दिवसच्या दिवस जात आणि नेमकेपणा त्या माणसाच्या मनगटात असे. १९३० नंतर पातळ पोलादी पाठीचे शेल (अर्धगोल बेअरिंग) आले आणि कौशल्य मनगटातून शेलच्या जाडीत गेलं. आता शेलच काही मायक्रॉनच्या पायऱ्यांत येतात, कडेला रंगाचा ठिपका असतो. ब्लॉकवरचा कोड आणि क्रँकवरचा कोड तक्त्यात जुळवून रंग निवडायचा, म्हणजे बोअरगेजनी सांगितलेली गटवारीच.

५० मिमी जर्नलला जुना नियम दोन थाऊ, ५० मायक्रॉन. आता २० ते ४० मिळेल. आणि फटीतून वाहणारं तेल फटीच्या घनात वाढतं: २५ ची ५० झाली तर आठपट तेल कडेने निसटतं आणि प्रेशर पडतं. ०डब्ल्यू-२० सारखं पातळ तेल चालतं ते फट लहान, जर्नल गोल आणि पृष्ठभाग गुळगुळीत आहे म्हणून. जुन्या सवयीने नव्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. थंड इंजिनात ते वरपर्यंत पोहोचायला वेळ लावतं आणि टायमिंग चेन, व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा), टॅपेट तेलाची वाट पाहत कोरडे चालतात.

चुका सांगतो. बेअरिंग सैल झालं की कॅपचं तोंड घासायचं, हा जुना उपाय. त्याने भोक वरखाली लहान होतं, आडवं तसंच राहतं, म्हणजे लिंबू होतं. शेलची टोकं कॅपच्या किंचित वर असतात, तो क्रश. शेल घट्ट बसावं म्हणून तो ठेवलेला असतो, कानशीने काढला की शेल फिरतं. क्रँक अंडरसाइज ग्राइंड करताना जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई तेवढीच ठेवली नाही तर भेग तिथूनच सुरू होते. क्रँक नायट्राइड केलेली (नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेली) असेल तर ग्राइंडिंगने तो कडक थरच निघून जातो, म्हणून कित्येक नव्या इंजिनांना अंडरसाइज शेल मिळतच नाहीत.

स्नेहा_मुलुंड
रॉड आणि कॅप आता तोडून वेगळे करतात हे खरं का? मशीनने कापण्याऐवजी तोडणं हे नेमकेपणाच्या उलट वाटतं.

शेल_नंबर_तीन
खरं आहे, आणि उलट नाही. बिग एन्ड (रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) एकसंध बनवतात, आतल्या बाजूला लेझरने खाच पाडतात आणि झटक्याने तडकवतात. तुटलेल्या दोन तोंडांचे खाचखळगे एकमेकांतच बसतात, त्याच जागी, दर वेळी. कापलेल्या तोंडाला जागेवर आणायला डॉवेल (जागा धरणारी पिन) किंवा बोल्टचं अंग लागे, तरी काही मायक्रॉन सरकत असे.

म्हणूनच कॅप बदलू नका, उलट बसवू नका, तुटलेलं तोंड फरशीवर टेकवू नका. एक कण दबला तरी ती जोडी गेली. हे तोंड घासून भोक पुन्हा गोल करता येत नाही, ओव्हल झालेला रॉड बदलावाच लागतो.

भांडुप_डिझेल
पेट्रोलवाल्यांचे आकडे वाचून सांगावंसं वाटतं की डिझेल पंपाचा प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) फार पूर्वीपासून दोन-तीन मायक्रॉनच्या फटीने जोडीत लॅप करत (एकमेकांत घासून बसवत) आले आहेत. नाशिकच्या मायकोमुळे (डिझेल इंधन यंत्रणा बनवणारी कंपनी) महाराष्ट्राला हे काम परकं नाही. १९९७ मध्ये प्रवासी गाडीत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) आली तेव्हा दाब १३५० बार होता, आता २००० च्या पुढे. नोझलची भोकं एक दशांश मिमीच्या आसपास, ठिणगीने पाडलेली.

एवढं करूनही दोन इंजेक्टर तंतोतंत सारखे निघत नाहीत. मग प्रत्येकाची बेंचवर चाचणी घेऊन त्याचा स्वभाव एका कोडमध्ये त्याच्याच अंगावर छापतात, आणि तो कोड ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) भरला की ईसीयू त्याच्यापुरतं इंधन मागेपुढे करतो. ए-बी-सी गटवारीचं हे आजचं रूप, उरलेली चूक घासून काढायची नाही, नोंदवून ठेवायची. इंजेक्टर बदलून कोड न भरणं ही सर्रास चूक. मग गाडी आयडलला थरथरते आणि दोष नव्या इंजेक्टरवर येतो.

वडाळाकर
थोडा विरोध नोंदवतो. सगळं श्रेय मशीनिंगला जातंय. पद्मिनीचा बोअर झिजायचा त्याला कार्ब्युरेटरही कारण होता. सकाळी चोक ओढला की जादा पेट्रोल भिंतीवरचं तेल धुऊन टाकी. तेल साधं, पेट्रोल शिशाचं. देशभर शिसं थांबलं १ फेब्रुवारी २००० ला. हवेच्या फिल्टरचा कागद सुधारला. या सगळ्याशिवाय आजचा बोअर दोन लाख किलोमीटर टिकला नसता.

आणि जुन्या ब्लॉकच्या भिंती जाड होत्या. एकामागून एक ओव्हरसाइज घेता यायचे, त्यावर स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी). आजच्या ॲल्युमिनियम ब्लॉकमधला ओतीव लाइनर एवढा पातळ की कित्येक मॉडेलना ओव्हरसाइज पिस्टनच नाही.

बोअरगेज
वडाळाकर, पूर्ण मान्य. जाड भिंत ही अनिश्चिततेची किंमत होती. ओतकामात गाभा दोन-तीन मिमी इकडेतिकडे सरकेल हे धरून भिंत जाड ठेवत. ओतकाम नेमकं झालं तशी भिंत पातळ झाली, वजन उतरलं आणि दुरुस्तीची जागाही गेली. दुरुस्तीवाल्यांसाठी हा तोटा खरा आहे.

कुर्ला_सीएसटी_रोड
मग शेवटचा, कामाचा प्रश्न. टॉर्क प्लेट नाही, सीएमएम (संगणकी मोजणी यंत्र) नाही, एसी खोली नाही. साध्या मशीन शॉपमध्ये बिडाचा ब्लॉक घेऊन बसलो तर काय पाळलं की काम टिकेल? आणि नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारातून काय आणायचं?

बोअरगेज
आणायचं असं: ५० ते ७५ चा मायक्रोमीटर, शक्यतो ०.००१ वाचणारा. डायल बोअर गेज, त्याला ०.००१ चा डायल. त्या बोअरच्या जवळच्या मापाची एक सेटिंग रिंग, प्रमाणपत्रासकट. रिंग परवडत नसेल तर बोअर गेज मायक्रोमीटरवर सेट करा, पण तोच मायक्रोमीटर पिस्टन मोजायला वापरा. मग त्याच्यात चूक असली तरी ती दोन्हीकडे सारखी जाते आणि फट बरोबर येते. एक फिलर गेज, एक चांगली सरळपट्टी.

काम करताना सगळ्यात आधी ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग. पोर्टेबल बोअरिंग बार त्याच पृष्ठभागावर बसतो. तो वाकडा किंवा जुन्या गॅस्केटचा तुकडा चिकटलेला असेल तर बोअर मापाला बरोबर आणि क्रँकला तिरका निघतो. पिस्टन एका बाजूने घासला जातो आणि कारण कुणाला सापडत नाही. सरळपट्टीखाली ०.०५ चा फिलर जात असेल तर आधी फेस करून घ्या. मल्टीलेयर स्टील गॅस्केट असेल तर फेसिंग बारीक हवं, जुन्या कंपोझिट गॅस्केटसारखे खडबडीत ओरखडे तो भरून काढत नाही.

मेन कॅप पूर्ण टॉर्कने आवळून मगच बोअर करा. मधले सिलिंडर सलग करू नका, एक सोडून एक घ्या म्हणजे ब्लॉक तापत नाही. होन करताना शेवटच्या २० मायक्रॉनला थांबा, थंड होऊ द्या, मग मोजून पुढे.

रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून गॅप मोजा. व्यास ०.१ मिमी वाढला की गॅप ०.३१ ने वाढते, त्यामुळे जुन्या बोअरमध्ये नवी रिंग किती सैल बसतेय ते गॅपच सांगते.

तिरपी_रेघ
आणि धुणं. होनिंगनंतर बोअर रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसतात, त्याने दगडाची भुकटी दऱ्यांत आणखी खोल जाते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ताठ नायलॉन ब्रश. घासा, पाणी बदला, पुन्हा घासा. मग पांढरं सुती फडकं तेलात भिजवून बोअर पुसा. फडकं करडं आलं तर पुन्हा पहिल्यापासून. तेलाच्या वाटांत ब्रश घाला, प्लग काढूनच. फडकं पांढरं निघेपर्यंत पिस्टनला हात लावू नका.

घाटकोपर_पूर्व
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. तिरपी_रेघ, पांढऱ्या फडक्यानंतर तेल लावून ब्लॉक किती वेळ ठेवला तर चालेल?

तिरपी_रेघ
पावसाळ्यात रात्रभर ठेवायचा असेल तर तेल लावून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फडकं फिरवा, तांबूस छटा दिसली तर ४०० ग्रिटचे दोन-तीन फटके आणि परत साबणपाणी.